जस्ताचा जमाखर्च

टॉर्चमध्ये सेल विसरून राहिले की काय होते, हे ज्यांच्या गावात पावसाळ्यात आठ-आठ दिवस वीज नसे त्यांना सांगायला नको. ऐन वेळी टॉर्च हाताशी लागतो, मागचे झाकण फिरता फिरत नाही आणि जोर लावून फिरवलेच तर आतून पांढरट, चिकट, फुगलेला ऐवज बाहेर येतो. सेल ‘वाहिले’ म्हणायचे आणि स्प्रिंग घासत बसायचे. माझे आजोबा मंदावलेले सेल अंगणात उन्हात ठेवत आणि त्यांच्यावर आणखी दोन दिवस आकाशवाणीच्या बातम्या ऐकत. त्यांच्या ट्रान्झिस्टरचा शेवटही अशाच वाहिलेल्या सेलांनी केला. त्या सेलांचा वरचा कागद सोलला की आतल्या पत्र्याला चाळणीसारखी भोके पडलेली दिसत. आम्हा पोरांची समजूत अशी, की पत्रा म्हणजे नुसता डबा. वीज आतल्या काळ्या भुकटीत भरलेली असते आणि ती संपली की सेल संपला. पत्रा जस्ताचा होता आणि जळत होते ते जस्तच, हे कळायला कॉलेज गाठावे लागले.

त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पहिला विद्युतघट १८०० साली युरोपात आला. त्याने पाणी फोडले, नवे धातू काढले, तारेतून निरोप पळवले. आणि त्याची वीज नेमकी येते कुठून, यावर तिथले दिग्गज पुढली चाळीस-पन्नास वर्षे भांडत राहिले. बरे, भांडणारे काही ऐरेगैरे नव्हते.

सुरुवात बेडकाच्या तंगडीपासून करायची रीत आहे, म्हणून दोन वाक्यांत ती उरकतो. बोलोन्याच्या लुइजी गॅल्वानीने १७९१ साली प्रबंध छापला, की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श झाला की पाय झटका देतो. म्हणजे प्राण्याच्या अंगातच वीज असते. पाव्हियाचा प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा याला आधी हे पटले, मग शंका आली: धातू एकच वापरला तर झटका इतका मंद का? बेडूक हा नुसता साक्षीदार, खरी करामत दोन वेगळ्या धातूंची, असे तो म्हणू लागला. त्याने स्वतःच्या जिभेवर प्रयोग केले. टोकाशी कथलाचा वर्ख, मागे चांदीचे नाणे, दोन्हींच्या कडा एकमेकींना टेकवल्या की जिभेला आंबट चव लागते. गॅल्वानीला या वादाचा शेवट पाहायला मिळाला नाही. नेपोलियनने उभ्या केलेल्या नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला, विद्यापीठातली जागा गेली आणि १७९८ च्या डिसेंबरात तो वारला.

व्होल्टाने २० मार्च १८०० रोजी कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंचमध्ये एक लांबलचक पत्र लिहिले. इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध चालू होते. पत्र दोन तुकड्यांत पोहोचले. त्यात एका उपकरणाचे वर्णन होते आणि ते इतके सोपे होते की कोणाही कासाराने दुपारी बसून करावे. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. अशी वीस, तीस, साठ थरांची चळत. वरच्या आणि खालच्या चकतीला ओले हात लावले की झटका बसतो. आणि एकदा बसून थांबत नाही, पुन्हा पुन्हा बसतो. तोपर्यंतची सगळी यंत्रे घासून वीज साठवणारी होती. ठिणगी पडली की रिकामी. ही चळत रिकामीच होत नव्हती.

गंमत पाहा. प्राण्याच्या अंगात वीज नाही हे सिद्ध करायला निघालेल्या माणसाने आपल्या उपकरणाला नाव दिले ते कृत्रिम विद्युत-इंद्रिय. झटका देणाऱ्या टॉर्पीडो माशाच्या अंगातल्या चकत्यांच्या रचनेवरून त्याने नमुना घेतला होता.

आता त्याचे स्पष्टीकरण. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की त्यांच्या नुसत्या स्पर्शाने विद्युत-द्रव एकातून दुसऱ्यात ढकलला जातो. ओला पुठ्ठा हा फक्त वाट. हा प्रवाह अखंड फिरत राहतो, विचित्र वाटले तरी तसे आहे, असे त्याने पत्रात सरळ लिहिले. म्हणजे खर्च काही नाही आणि उत्पन्न अखंड. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ सालीच आपोआप कायम चालणाऱ्या यंत्रांचे अर्ज पाहणे बंद केले होते. पण चळतीला चाक नव्हते, कप्पी नव्हती. ती त्या जातीची आहे असे कोणाच्या डोक्यात आले नाही. १८०१ च्या नोव्हेंबरात त्याच पॅरिसमध्ये व्होल्टाने नेपोलियनसमोर प्रयोग करून दाखवले आणि त्याला सुवर्णपदक मिळाले. पुढे तो काउंटही झाला.

चळत प्रत्यक्षात अखंड चालत नसेच. काही तासांत मंदावे, पुठ्ठे सुकत, जस्ताच्या चकत्या काळवंडत, त्यांच्यावर बुरशीसारखा थर चढे. व्होल्टाच्या दृष्टीने ती उपकरणाची खोड होती. पुसायची, पुन्हा रचायची. घर पेटल्यावर धुराने भिंती खराब झाल्या म्हणून हळहळावे, तसे हे झाले.

लंडनमध्ये मात्र पत्राचा पहिला तुकडा हातात पडताच सर्जन अँथनी कार्लाइल आणि विल्यम निकल्सन यांनी चांदीची १७ अर्ध-क्राउन नाणी आणि तितकेच जस्ताचे तुकडे घेऊन चळत रचली. २ मे १८०० रोजी तिच्या तारा पाण्यात सोडल्यावर एका टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे आले. दीड महिन्याच्या आत, व्होल्टाचे पत्र सोसायटीत रीतसर वाचले जायच्याही आधी, विजेने पाणी फोडले होते. ज्यातून वीज येते तो स्पर्श असो की आणखी काही, तिचा रसायनाशी संबंध आहे एवढे उघड झाले.

हम्फ्री डेव्ही तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा, ब्रिस्टलला होता. त्याने त्याच वर्षी चाचपून पाहिले, की पुठ्ठ्यात नुसते शुद्ध पाणी असेल तर चळत जवळपास मेलेली. आम्ल असेल तर जोरात. जस्त जितके वेगाने गंजते तितकी वीज जास्त. मग उत्तर समोरच नाही का? पण डेव्ही पुढे मवाळ झाला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आल्यावर त्याने तडजोड काढली, की स्पर्शाने सुरुवात होते आणि रासायनिक क्रिया तो प्रवाह टिकवते. तडजोडीने दोन्ही पक्षांची सोय झाली. तोही वादात फार रमला नाही, कारण हातातले काम अधिक चविष्ट होते. १८०७ साली त्याने याच घटांच्या जोरावर पोटॅश आणि सोडा फोडून पोटॅशियम आणि सोडियम बाहेर काढले. थोड्या वर्षांत इन्स्टिट्यूशनजवळ दोन हजार जोड्यांची बॅटरी उभी होती. तिच्या दोन कोळशांमधली प्रकाशाची कमान पाहायला लंडनमधली बडी मंडळी दाटी करत. तळाशी जस्त आम्लात विरघळत होते, ते पाहायला कोण जाणार?

स्पर्शवाल्यांचा पक्ष इटलीत आणि जर्मनीत बळकट राहिला. त्यांच्या हातात एक हुकमाचे पानही होते. व्हेरोनाच्या जुझेप्पे झांबोनीने १८१२ साली कोरडी चळत केली. कागदाच्या एका बाजूला धातूचा वर्ख, दुसऱ्या बाजूला मँगॅनीज डायॉक्साइडची भुकटी, अशा शेकडो-हजारो चकत्या नळीत दाबून बसवायच्या. आम्ल नाही, पाणी नाही, बुडबुडे नाहीत. तरी तिच्या दोन टोकांमध्ये टांगलेला हलका लंबक महिनोन्महिने, वर्षानुवर्षे हेलकावे खात राही. दाखवा आता इथे कुठे आहे तुमची रासायनिक क्रिया! याला पटकन देता येईल असे उत्तर त्या काळात कोणाकडे नव्हते.

उलट बाजूला जिनिव्हाचा ऑग्यूस्त द ला रीव्ह होता आणि नंतर मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला फॅरडे गणितात कच्चा, पण हिशेबात पक्का होता. १८३३-३४ मध्ये त्याने दाखवले, की ठरावीक वीज गेली की ठरावीकच पदार्थ फुटतो, ना रतीभर कमी ना जास्त. इलेक्ट्रोड, अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द याच दिवसांतले. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या भाषेच्या जाणकाराशी पत्रव्यवहार करून त्याने ते घडवले. मग १८४० साली त्याने स्पर्शाच्या मतावर शेवटचा घाव घातला. त्यात प्रयोगांचा ढीग होताच, पण मर्मावर बसला तो साधा प्रश्न. नुसत्या स्पर्शाने, काहीही न संपता, प्रवाह कायम वाहणार असेल तर ती शून्यातून शक्ती निर्माण झाली. निसर्गात दुसरीकडे कुठे असे घडते? माझ्या मते या अर्धशतकातला सर्वांत मोठा क्षण हाच. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा अजून कागदावर आलेला नव्हता, ‘ऊर्जा’ हा शब्द आजच्या अर्थाने रुळलेला नव्हता, आणि हा माणूस त्या नियमाच्या आधीच त्या नियमावर भार टाकून उभा राहिला.

उत्तर द्यायला एक चांगला घट हवा होता, आणि तो चार वर्षांपूर्वीच तयार झाला होता.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक जॉन फ्रेडरिक डॅनियल. जुन्या घटांची त्यांना चीड होती ती त्यांच्या लहरीपणामुळे. तांब्याच्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे बसतात, पट्टीवर वायूची चादर पांघरली जाते आणि प्रवाह बघता बघता ढासळतो. डॅनियल यांनी १८३६ साली बुडबुडाच होऊ दिला नाही. तांब्याचे भांडे, त्यात मोरचुदाचे निळे द्रावण. मधोमध बैलाच्या अन्ननलिकेची पातळ पिशवी, तिच्यात सौम्य गंधकाम्ल आणि जस्ताची कांडी. पुढे पिशवीच्या जागी झिलई न दिलेली, पाणी झिरपेल अशी मातीची नळी आली. आता तांब्यावर वायू बसत नाही. मोरचुदातले तांबेच येऊन बसते. तांब्यावर तांबे, म्हणजे पृष्ठभाग नेहमी नवा. दाब सुमारे १.१ व्होल्ट, आणि तो तासन्‌तास हलत नाही. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. याच सोसायटीच्या कार्यकारिणीच्या बैठकीत १३ मार्च १८४५ रोजी ते कोसळले आणि वारले.

हा घट समजून घ्यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करणाऱ्या कोणालाही मोरचूद ओळखीचे आहे आणि लोखंडी बादलीत ते का कालवू नये हेही ठाऊक आहे. बादलीवर तांबे चढते. लोखंडाऐवजी जस्ताचा चुरा टाकला तर हाच प्रकार अधिक झपाट्याने होतो. निळा रंग फिका पडत जातो, तळाशी लालसर तांबे जमते आणि भांडे हाताला गरम लागते. जस्ताला इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरायची ओढ आहे, तांब्याला ते घेऊन द्रावणातून बाहेर यायची. या देवघेवीत जी ऊर्जा मोकळी होते ती उष्णता होऊन भांडे तापवते. ६५ ग्रॅम जस्तामागे सुमारे २१९ किलोज्यूल. एवढ्यात अर्ध्या लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल.

डॅनियल यांनी नकळत केले ते एवढेच: देणारा आणि घेणारा यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. आता जस्ताचे इलेक्ट्रॉन तांब्याला हवे असतील तर बाहेरच्या तारेने वळसा घालून जावे लागते. त्या वळशावर आपण घंटी लावतो, दिवा लावतो, मोटार लावतो. मधली झिरपणारी भिंत द्रावणे मिसळू देत नाही, पण आयनांना हळूहळू सरकू देते. नाहीतर एका खोलीत विजेचा तुंबा होऊन सगळे क्षणात थांबेल. भांड्यात जी प्रक्रिया, तीच घटात. इलेक्ट्रॉन हा शब्द अर्थात तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता.

घट भरवशाचा झाल्याबरोबर तारायंत्र धावू लागले. डॅनियल यांचेच किंग्ज कॉलेजातले सहकारी चार्ल्स व्हीटस्टन यांनी कुक यांच्याबरोबर १८३७ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायन शिकवणारे आयरिश डॉक्टर विल्यम ब्रुक ओशॉनसी यांनी १८३९ सालीच तारेचे प्रयोग केले होते. पुढे डलहौसीच्या पाठिंब्याने त्यांनीच हिंदुस्थानभर खांब रोवले. मार्च १८५४ मध्ये आग्रा-कलकत्ता निरोप गेला. १८५५ च्या सुरुवातीला मुंबई आणि मद्रास जोडून तार लोकांसाठी खुली झाली. ‘तार आली’ म्हटले की घरात जी धडकी भरे, तिच्या मुळाशी अशाच घटांमध्ये विरघळणारे जस्त होते.

एवढ्यावर कोण थांबतो? निरोप जातो तर गाडी का जाऊ नये? १८३८ साली मोरित्स याकोबीने सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत डझनभर माणसांची नाव घटांवरच्या मोटारीने चालवली. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसनचे ‘गॅल्वानी’ नावाचे इंजिन एडिंबरा-ग्लासगो रुळांवर ताशी चार मैलांनी सरकले. त्याहून वेगाने माणूस चालेल. वाफेचे दिवस भरले, असे अनेकांना वाटत होते. मँचेस्टरजवळ सॅल्फर्डला बिअर गाळणाऱ्या एका श्रीमंत घरातल्या विशीतल्या मुलालाही तसेच वाटत होते. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल त्याचे नाव.

ज्यूलने मोटारी बांधल्या, सुधारल्या, आणि व्यापाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे असेल, एक प्रश्न विचारला जो याआधी कोणी नीट विचारला नव्हता: एक पौंड जस्त खर्चून वजन किती उचलले जाते? १८४१ पर्यंत उत्तर हाती आले आणि ते निराशाजनक होते. कॉर्नवॉलच्या खाणींवरची चांगली वाफयंत्रे एक पौंड कोळशात जे काम करत, त्याच्या साधारण पाचवा हिस्सा काम एक पौंड जस्त देत होते. वर जस्ताचा भाव कोळशाच्या कितीतरी पट. वाफयंत्र तर बहुतेक उष्णता फुकट घालवत होते, तरी तेच जिंकले. ज्यूलने मोटारीची आशा सोडली. वही मात्र सोडली नाही.

इथून मी ज्यूलचा भक्त होतो. हरलेल्या धंद्याच्या खतावणीतून त्याने विश्वाचा नियम वाचला. तारेतून प्रवाह गेला की ती तापते, आणि ती किती तापते हे प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, हे त्याने १८४० च्या अखेरीस मोजले होते. आता त्याने घट, तार आणि भोवतालचे सगळे सर्किट मिळून निघालेली उष्णता मोजली. ती आली किती? तितके जस्त सरळ भांड्यात विरघळवले असते तर निघाली असती तेवढीच. तारेतली उष्णता म्हणजे जस्ताचीच उष्णता, जागा बदलून प्रकट झालेली.

रासायनिक क्रियेची उष्णता मोजायची कला तोवर बसली होती. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८० च्या दशकात बर्फाच्या भांड्यात गिनिपिग ठेवून किती बर्फ वितळतो ते तोलले होते. सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेस याने १८४० साली दाखवले, की क्रिया एका टप्प्यात करा की चार टप्प्यांत, निघणारी एकूण उष्णता तेवढीच. तीही खतावणीच. पुढे फ्रान्समध्ये पिएर आन्त्वान फाव्र याने या सगळ्यावर कळस चढवला. त्याने घट एका उष्णतामापकात ठेवला आणि मोटार दुसऱ्यात. मोटार अडवून ठेवली, तेव्हा दोन्ही मिळून उष्णता जस्ताच्या हिशेबाइतकी भरली. मग त्याने मोटारीला वजन उचलायला लावले. उष्णता थोडी कमी भरली, आणि कमी पडली ती उचललेल्या वजनाच्या कामाएवढीच. त्या वजनाकडे पाहून म्हणता आले असते, हे जस्ताने उचलले.

१८४७ साली बर्लिनमध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ याने अक्षय्यतेवरची आपली पुस्तिका काढली. तिच्यात घटांचाही हिशेब होता. १८५१ मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, उलटा हिशेब मांडला. क्रियेची उष्णता माहीत असेल तर घटाचा दाब मोजायची गरजच काय, काढता येईल. त्यांनी डॅनियलचा घट घेतला, गणित केले आणि उत्तर जुळले. आजच्या आकड्यांत सांगायचे तर उष्णतेवरून दाब १.१३ व्होल्ट निघतो आणि मोजला तर १.१० भरतो. त्या काळच्या उपकरणांना हा फरक कुठे कळणार? स्पर्शाचे मत संपले.

आणि इथेच इतिहासाने एक खोडी काढली. डॅनियलचा घट हा या बाबतीत नशिबाने सरळ निघाला होता. इतर घट तपासले तर ते जुळेनात. काहींची वीज उष्णतेच्या हिशेबापेक्षा बरीच कमी, आणि काही घट तर हिशेबापेक्षा जास्त वीज देऊन स्वतः थंड पडत. हे काय? पुन्हा शून्यातून शक्ती?

उत्तर अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एका अबोल प्राध्यापकाने दिले. जोसायाह विलर्ड गिब्ज यांनी पहिली नऊ वर्षे तिथे पगाराशिवाय शिकवले. १८७५ ते १८७८ दरम्यान त्यांनी कनेटिकटच्या एका स्थानिक अकादमीच्या अंकांत तीनशेवर पानांचा प्रबंध छापला, जो फार थोड्यांनी वाचला आणि त्याहून थोड्यांना कळला. त्याच्या शेवटी विद्युतघटच आहेत. गिब्ज यांचे म्हणणे असे, की क्रियेतून सुटणारी सगळी ऊर्जा काम करायला मोकळी नसते. पदार्थांची मांडणी बदलताना काही वाटा उष्णता म्हणून भोवतालाला द्यावाच लागतो. काही क्रियांत उलट भोवतालाकडून तो घेता येतो. दाब ठरतो तो मोकळ्या उरलेल्या वाट्यावरून. डॅनियलच्या घटात २१९ पैकी हा सक्तीचा वाटा फक्त सहा किलोज्यूलचा, म्हणून थॉमसन यांचे गणित वरवर बरोबर दिसले. हेल्महोल्ट्झने १८८२ साली स्वतंत्रपणे हेच सांगितले आणि त्या वाट्याला मुक्त ऊर्जा म्हटले. त्यानंतर सात वर्षांनी वाल्थर नेर्न्स्ट याने द्रावणाच्या तीव्रतेवरून दाब काढायचे सूत्र दिले. आपली बारावीची मुले आज ते परीक्षेत लिहितात, आणि त्यामागे नव्वद वर्षांची कुस्ती आहे याचा पत्ता त्यांना कोणी लागू देत नाही.

ज्यूलला ज्याने हरवले त्या जस्ताच्या भावाकडे परत येऊ. जस्त महाग का? कारण ते खाणीत धातू म्हणून मिळतच नाही. त्याचे खनिज कोळशाबरोबर हजार अंशांच्या पुढे तापवावे लागते, आणि ९०७ अंशांनाच उकळणारे जस्त वाफ होऊन निसटते. हवा लागली की पुन्हा त्याची राख. ती वाफ धरायची विद्या राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरच्या भट्टीवाल्यांना मध्ययुगातच साधली होती. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या टांगून ते खालच्या थंड भांड्यात जस्त ठिबकवत. त्या वापरून फेकलेल्या मुशींचे ढीग तिथे आजही आहेत. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने पेटंट घेतले ते १७३८ साली. तेव्हा जस्ताचा प्रत्येक तुकडा म्हणजे भट्टीत जाळलेल्या कोळशाची ठेव. घट ती ठेव मोडतो, आणि मोडताना व्याज देत नाही. कोळसा जाळून जस्त करायचे आणि जस्त विरघळवून गाडी ओढायची, यापेक्षा कोळसा सरळ बॉयलरखाली घालणे स्वस्त पडणारच होते.

यातून सुटायची एक वाट एका वकिलाने दाखवून ठेवली होती. स्वान्सीच्या विल्यम ग्रोव्हने १८४२ साली हायड्रोजन आणि ऑक्सिजन प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर एकत्र आणून वीज काढली. जळणारे काही नाही, उरते ते पाणी. १८९४ मध्ये विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी जर्मन अभियंत्यांना बजावले, की कोळशाची वीज अशीच सरळ काढा, वाफेच्या मार्गाने नासाडी करू नका. कोळशाचे ते आजतागायत नीट जमलेले नाही. हायड्रोजनचे जमले, चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत वीज आणि प्यायचे पाणी दोन्ही त्यातून मिळत होते.

टॉर्चचा सेल याच घराण्यातला. १८६६ साली फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशे याने जस्त, मँगॅनीज डायॉक्साइड, कोळशाची कांडी आणि नवसागराचे पाणी यांचा घट केला. कल्हईवाला भांड्यात टाकतो तोच हा नवसागर. वीस वर्षांनी कार्ल गासनर याने ते पाणी लगद्यात मुरवले आणि जस्ताचेच भांडे केले. आम्ही ज्याला डबा समजत होतो, ते हे.

आणि झांबोनीची कोरडी चळत? ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत तशा दोन चळती उभ्या आहेत. लंडनच्या वॉटकिन आणि हिल या उपकरणकारांनी त्या बनवल्या. सोबतच्या चिठ्ठीवर १८४० साल आहे, फॅरडेने स्पर्शाच्या मतावर घाव घातला तेच. चळतींच्या खाली दोन छोट्या घंटा, मध्ये टांगलेली चार मिलिमीटरची धातूची गोळी. गोळी एका घंटेला टेकते, तिच्याकडून भार घेते, ढकलली जाते, दुसरीला टेकते. दमट हवेने थांबण्याचे काही प्रसंग सोडले तर ती तेव्हापासून हलते आहे, आणि आजवर सुमारे दहा अब्ज ठोके पडले असावेत असा तिथल्या लोकांचा अंदाज आहे. आत कोणते पदार्थ किती आहेत हे कोणालाच नक्की माहीत नाही, कारण वरून गंधकाचा जाड लेप आहे आणि तो फोडला तर प्रयोग संपेल. इतके मात्र माहीत आहे, की दर ठोक्याला आतला धातू कणभर गंजतो, आणि तो संपेल त्या दिवशी गोळी थांबेल. तोवर ती चालू आहे. काचेची दोन आवरणे असल्याने आवाज बाहेर ऐकू येत नाही.